पत्र्यावरचं दहा मिनिटांचं काम

उंचावरून पडण्याचा धोका फक्त बांधकामावर असतो, ही समजूत चुकीची आहे. जळगावच्या डाळमिलमधला एलेव्हेटर, धुळ्याच्या जिनिंगमधली गाठींची थप्पी, एमआयडीसीतल्या शेडचा सिमेंट पत्रा, इथेही माणूस चढतोच. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाने कलम 32 मध्ये उंचीचा आकडा घातला नाही. जिथून माणूस पडू शकतो तिथे शक्य तोवर कठडा किंवा दुसरी सोय करा, असं बजावलं. अमेरिकेत तर उंचीची मर्यादा बांधकामासाठी 6 फूट आणि कारखान्यांसाठी 4 फूट, म्हणजे कारखान्यांना नियम अधिक कडक.

दहा मिनिटांच्या कामाला एवढा खटाटोप कशाला, असं विचारलं जातं. पण पावसाळ्याआधी पन्हळ साफ करणं, गळती बुजवणं ही कामं क्वचित निघतात, म्हणूनच तिथे ना कठडा असतो ना सराव. जुना सिमेंट पत्रा वरून धड दिसतो आणि पाय पडताच फुटतो. त्यावर आधी फळ्या टाकायलाच हव्यात. सेफ्टी बेल्ट दिलाय, हे उत्तरही अपुरं आहे. हूक अडकवायला भक्कम जागा नसेल तर तो नुसता कमरेला राहतो. छोट्या कारखान्याला खर्च जड जातो, हे खरं; तरी बेल्ट घालणाऱ्यालाच वाचवतो, कठडा मात्र तिथे येणाऱ्या प्रत्येकाला. म्हणून रोज चढउतार असलेल्या एलेव्हेटरच्या माच्यापासून कठडे बसवायला सुरुवात करावी.