परळचा बॅरिस्टर आमदार

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव राज्यघटनेशी इतके जोडले गेले आहे की, घटना लिहिण्यापूर्वी दशकाहून अधिक काळ ते मुंबई प्रांताच्या विधिमंडळात होते, याकडे सहसा लक्ष जात नाही. लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन 1923 पासून मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारे आंबेडकर परळच्या बीआयटी चाळीत राहत असतानाच सरकारने त्यांना विधान परिषदेवर नामनियुक्त केले, म्हणजे निवडणुकीविना नेमले, आणि फेब्रुवारी 1927 मध्ये त्यांनी शपथ घेतली.

1928 चे महार वतन विधेयक हे वकिलाचे काम होते. वतन म्हणजे वंशपरंपरागत चाकरीच्या मोबदल्यात मिळालेली जमीन आणि बलुते. राबवून घेणार सरकार आणि पोट भरायचे रयतेच्या धान्यावर, अशी ती विचित्र व्यवस्था मोडण्यासाठी त्यांनी वतनांविषयीच्या 1874 च्या कायद्यातच दुरुस्ती सुचवली. परंतु अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्र्याऐवजी साध्या सदस्याने मांडलेले विधेयक, सरकारच्या मर्जीवाचून क्वचितच तरते, आणि 1929 मध्ये त्यांना ते मागे घ्यावे लागले.

1937 च्या निवडणुकीत, आपल्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे, भायखळा-परळ भागातून काँग्रेसचे उमेदवार आणि ख्यातनाम क्रिकेटपटू पळवणकर बाळू यांचा पराभव करून ते विधानसभेत आले. मतदारसंघ गिरण्यांचा असताना त्यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, हे वरवर पाहता चमत्कारिक वाटते. पण परळ-लालबागच्या चाळींतल्या असंख्य कामगारांचे घर रत्नागिरी-कुलाब्यात होते, आणि तेथे सरकार व कुळ यांच्यामध्ये उभा राहून सारा वसूल करणारा खोत गावाचा धनी होऊन बसला होता. खोतांना वाजवी नुकसानभरपाई द्यावी आणि प्रत्यक्ष जमीन कसणाऱ्यांना थेट सरकारचे खातेदार करावे, अशी मांडणी त्या विधेयकात होती. विधेयक पुढे सरकेना, तेव्हा जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळाच्या कौन्सिल हॉलवर नेण्यात आला. मुख्यमंत्री बाळ गंगाधर खेर हेही व्यवसायाने सॉलिसिटरच होते, त्यामुळे कलमांचा अर्थ समोरच्या बाकांना कळत नव्हता असे म्हणता येणार नाही.

त्याच वर्षीच्या औद्योगिक विवाद विधेयकावरील भाषणात त्यांच्यातला कायदेपंडित सर्वांत धारदार दिसतो. संप हा फार तर कराराचा भंग, म्हणजे दिवाणी स्वरूपाची चूक आहे. त्यासाठी शिक्षा ठेवणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपणे होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. बहुमताच्या बळावर विधेयक मंजूर झाले, मात्र 7 नोव्हेंबर 1938 रोजी त्याविरुद्ध एक दिवसाचा संप झाला आणि त्यात कम्युनिस्टही आंबेडकरांच्या बरोबर होते.

खोती नष्ट करणारा कायदा 1949 मध्ये झाला. तेव्हा आंबेडकर दिल्लीत केंद्रीय कायदामंत्री होते आणि मुंबईचे मुख्यमंत्री पुन्हा खेरच होते.