मुक्त डेटाबेसची निवड

बंगळूरच्या शिवाजीनगर भागातील रसेल मार्केट १९२७ पासून उभे आहे. तेथील एखाद्या दुकानदाराला विक्री, शिल्लक माल व उधारी यांच्या नोंदी वहीऐवजी संगणकावर ठेवावयाच्या आहेत, असे समजू. या नोंदी सांभाळणारी यंत्रणा म्हणजे डेटाबेस होय. विनामूल्य मिळणारे डेटाबेस अनेक आहेत. त्यांतून निवड कशी करावी?

प्रथम पाहावयाचे ते हे की, एकाच वेळी किती जण नोंदी करणार आहेत. गल्ला एकच असेल तर २००० साली रिचर्ड हिप यांनी तयार केलेला एसक्यूलाइट पुरेसा ठरतो. त्यातील सर्व माहिती एकाच फाइलमध्ये राहते व त्यासाठी वेगळा सर्व्हर लागत नाही. मात्र एका वेळी एकालाच त्यात लिहिता येते. अनेक गल्ल्यांवरून सतत नोंदी होणार असतील, तर पोस्टग्रेस किंवा मारियाडीबी यांसारखा सर्व्हरवर चालणारा डेटाबेस घ्यावा.

दुसरी कसोटी विश्वासार्हतेची. माल उधारीवर गेला की शिल्लक घटते आणि गिऱ्हाइकाच्या खात्यावर रक्कम चढते. यांपैकी एकच नोंद होऊन वीज गेली, तर हिशेब कायमचा चुकतो. म्हणून दोन्ही नोंदी व्हाव्यात, नाहीतर एकही होऊ नये, अशी हमी डेटाबेसने दिली पाहिजे. वरील तिन्ही डेटाबेस, योग्य रीतीने वापरल्यास, ती देतात.

तिसरी कसोटी परवान्याची. तिच्याकडेच बहुधा दुर्लक्ष होते. १९९५ साली प्रसिद्ध झालेला मायएसक्यूएल २०१० मध्ये ओरॅकल कंपनीच्या ताब्यात गेला. पण त्याची मूळ आज्ञावली खुली असल्यामुळे त्याचे एक जनक मायकेल विडेनियस यांना २००९ मध्येच तिच्यापासून मारियाडीबी ही स्वतंत्र शाखा काढता आली होती. याउलट मोंगोडीबीने २०१८ मध्ये आपला परवाना अधिक जाचक केला. १९८६ साली बर्कली विद्यापीठात ज्याचा पाया घातला गेला, तो पोस्टग्रेस मात्र कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही.

तेव्हा फुकट आणि मुक्त हे शब्द समानार्थी नव्हेत. किंमत नसणे ही सोय आहे. पुरवठादार बदलला तरी आपल्या नोंदी आपल्याच हाती राहणे, हे स्वातंत्र्य आहे. भारत सरकारनेही २०१५ च्या धोरणात मुक्त आज्ञावलींना प्राधान्य दिले. अर्थात, डेटाबेस कोणताही असो, त्याची रोजची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवण्याचे काम दुकानदारालाच करावे लागते.