उरलेल्या नेवऱ्या-शंकरपाळ्यांचा सदुपयोग



चतुर्थीचा सोहळा संपला की गोव्यात घरोघरी नैवेद्याच्या नेवऱ्या व शंकरपाळे डब्यांत उरतात. प्रसाद टाकवत नाही म्हणून तो कसाही संपविणे उचित नव्हे. प्रथम त्याची परीक्षा करावी.

ओल्या नारळाच्या सारणाच्या नेवऱ्या लवकर आंबतात. त्या दुसऱ्या दिवसापर्यंतच संपवाव्यात. सुक्या खोबऱ्याच्या नेवऱ्या भाद्रपदातील दमट हवेने नुसत्या मऊ पडल्या असल्यास कोरड्या तव्यावर मंद आचेने शेकाव्यात. ओलावा जाऊन त्या पुन्हा खुसखुशीत होतात. खवटपणा मात्र तळणीचे तेल-तूप हवेने बिघडल्यामुळे येतो. तो तापवून जात नाही. असा पदार्थ मुलांना देऊ नये आणि पुण्य म्हणून गाईपुढेही ठेवू नये. तो आदरपूर्वक मातीत पुरावा.

चांगल्या शंकरपाळ्यांची खीर उत्तम होते. 3 वाट्या उकळत्या दुधात 1 वाटी भरड घालून 5 मिनिटे शिजवावी व वेलचीपूड घालावी. शंकरपाळे मुळात गोड असल्याने साखर चाखूनच घालावी.

पुढील वर्षी घाणे बेताचेच काढावेत आणि ताजे असतानाच शेजारी वाटावे. प्रसादाचा खरा मान त्यातच आहे.