घाम पोराचा, पैसा कुणाचा?

अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंना २०२१ पासून जाहिरातींतून कमावता येतं. जून २०२५ मध्ये तर न्यायालयाने खेळाडूंच्या दाव्यातल्या तडजोडीला मंजुरी दिली आणि विद्यापीठांना थेट मोबदला द्यायची वाट मोकळी झाली. पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, तीही एकेका विद्यापीठाला!

आपलं चाकूर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येतं. इथलं पोरगं ‘अश्वमेध’ या आंतरविद्यापीठ स्पर्धेत बास्केटबॉल खेळून आलं तरी पगार नाही, सगळा डोळा सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणावर. ‘खेलो इंडिया’त निवड झाली तर महिना १०,००० रुपये हातखर्च, पण तिथवर पोचतात किती? आपल्याकडे तिकिटं विकली जात नाहीत, मान्य. निदान खुराकाचे पैसे तरी द्या! निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ चे महाराष्ट्र केसरी. कुस्तीत इनाम घ्यायला कुणी लाजत नाही, मग कॉलेजातच ही सोवळ्याची भाषा कशाला?

आता बास्केटबॉलमध्ये थोर कोण, जॉर्डन की लेब्रॉन? १९८२ ला नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाला विजेतेपद मिळवून देणारा निर्णायक बास्केट मायकल जॉर्डनचा, तोही बिनपगारी. पुढे एनबीए या व्यावसायिक लीगच्या सहा अंतिम फेऱ्या खेळला, सहाही जिंकल्या. लेब्रॉन जेम्सने २०२३ मध्ये करीम अब्दुल-जब्बारचा एनबीएतला ३८,३८७ गुणांचा विक्रम मोडला, कॉलेजची पायरीही न चढता. तरी माझं मत जॉर्डनलाच.