महिलांची विश्वचषक खो-खो स्पर्धा : देशी खेळाचा जागतिक प्रवास आणि ग्रामीण महाविद्यालये

प्रस्तावना

१३ ते १९ जानेवारी २०२५ या काळात नवी दिल्ली येथील इंदिरा गांधी क्रीडा संकुलात पहिली विश्वचषक खो-खो स्पर्धा पार पडली. महिला गटात १९ देशांचे संघ सहभागी झाले. अंतिम सामन्यात भारतीय महिला संघाने नेपाळचा ७८-४० असा पराभव केला. विजयी संघाचे नेतृत्व महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळे हिच्याकडे होते. नरखेडसारख्या तालुक्यातील प्राध्यापकास ही घटना अभिमानाची वाटेल. परंतु तिचा आपल्या महाविद्यालयाच्या मैदानाशी काही संबंध आहे काय, असा प्रश्नही पडेल. हा संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

एक उद्बोधक तुलना : लॅक्रॉस

महिलांचा एखादा प्रादेशिक खेळ जागतिक स्पर्धेपर्यंत कसा पोहोचतो, हे समजण्यासाठी लॅक्रॉसचे उदाहरण उपयुक्त ठरते. जाळीदार काठीने चेंडू झेलण्याचा व फेकण्याचा हा खेळ मूळचा उत्तर अमेरिकेतील आदिवासी समाजांचा. महिलांच्या लॅक्रॉसला आधुनिक रूप मिळाले ते मात्र स्कॉटलंडमधील सेंट लिओनार्ड्स या मुलींच्या शाळेत, १८९० मध्ये. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा त्यानंतर ९२ वर्षांनी, १९८२ मध्ये, इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे झाली. तीत केवळ सहा संघ होते. २०२२ मध्ये अमेरिकेतील टाउसन येथे झालेल्या स्पर्धेत ही संख्या सुमारे तीसपर्यंत पोहोचली. १९८२ ते २०२२ या काळातील ११ स्पर्धांपैकी ९ अमेरिकेने व २ ऑस्ट्रेलियाने जिंकल्या.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, जागतिक स्पर्धेचा पाया मुलींच्या शाळेच्या मैदानावर घातला गेला. दुसरी, एका देशाचे दीर्घ वर्चस्व आणि खेळाचा प्रसार या दोन्ही बाबी एकाच वेळी घडू शकतात.

खो-खोची वाटचाल

खो-खोचा प्रवासही असाच आहे. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम निश्चित करण्याचे काम हाती घेतले. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे झाली आणि पुढील वर्षी कोल्हापूर येथे महिलांनाही राष्ट्रीय स्पर्धेचे दालन खुले झाले. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धेत खो-खोची प्रात्यक्षिके झाली. २०१६ मध्ये गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या महिला संघाची कर्णधार सारिका काळे हिला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार प्राप्त झाला.

या परंपरेत विदर्भाचा वाटाही मोलाचा आहे. नरखेडला रेल्वेने जोडलेल्या अमरावती शहरात १९१४ मध्ये स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची व व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली होती. देशी खेळ जगापुढे मांडण्याची कल्पना आपल्या परिसरास नवीन नाही.

खेळाचे बदलते स्वरूप

जागतिक व्यासपीठ मिळविताना खेळास आपले रूप बदलावे लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी लॅक्रॉसला मान्यता मिळाली, ती सहा खेळाडूंच्या आटोपशीर प्रकाराला. महिलांचा पूर्वापार सामना मात्र बारा खेळाडूंचा असे.

खो-खोतही हेच घडले. पारंपरिक खेळात आठ खेळाडू मध्यपाटीवरील चौरसांत आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात व नववी पाठलाग करते. विश्वचषकात मात्र सात खेळाडूंचा, प्रत्येकी सात मिनिटांच्या चार पाळ्यांचा वेगवान प्रकार मॅटवर खेळविण्यात आला. मातीवर अनवाणी धावणारी, खांबाजवळ सूर मारून गडी बाद करणारी मुलगी मॅटवर बूट घालून उतरते तेव्हा तिला पायांची पकड, वळण्याचा वेग आणि पडण्याची रीत नव्याने शिकावी लागते. साधनांवाचून खेळता येणारा खेळ, हे खो-खोचे मोठे बळ होते. मॅट ही त्यात नव्याने उभी राहिलेली आर्थिक भिंत आहे.

त्याचप्रमाणे भारतीय महिलांनी दक्षिण कोरियावर मिळविलेला १७५-१८ हा विजय केवळ आनंदाचा मानून चालणार नाही. १५७ गुणांचे अंतर हे इतर देशांत खेळ अद्याप रुजावयाचा असल्याचे निदर्शक आहे. स्पर्धेचे भवितव्य आपल्या विजयांपेक्षा प्रतिस्पर्ध्यांच्या वाढीवर अधिक अवलंबून राहील.

ग्रामीण महाविद्यालयांची भूमिका

संत्रा-मोसंबीच्या बागांच्या या तालुक्यात शाळेत खो-खो खेळणाऱ्या मुलींची वानवा नाही. खंड पडतो तो दहावीनंतर. प्रवास, घरकाम, विवाहाची चिंता आणि सरावाची गैरसोयीची वेळ यांमुळे मैदान सुटते व महाविद्यालयास पूर्ण संघ उभा करणे कठीण होते. या संदर्भात पुढील उपाय सुचवावेसे वाटतात.

१) सरावाची वेळ तासिकांच्या दरम्यान, मुलींच्या परतीच्या एसटी बसचा विचार करून ठरवावी.
२) सात खेळाडूंचा प्रकार अंतर्गत स्पर्धांसाठी स्वीकारावा. अल्प विद्यार्थिनीसंख्येच्या महाविद्यालयास तो सोयीचा आहे.
३) राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार सहअभ्यासक्रमात क्रीडेस मिळणाऱ्या श्रेयांकांचा उपयोग मैदान टिकविण्यासाठी करावा.
४) शेजारच्या महाविद्यालयांनी मिळून एक मॅट घ्यावी. काळ्या जमिनीचे मैदान पावसाळ्यात चिखलाचे व उन्हाळ्यात भेगांचे होते. तेथे मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून ते वर्षभर खेळण्याजोगे ठेवावे.

निष्कर्ष

विश्वचषक हे खेळाचे शिखर आहे. त्याचा पाया शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर आहे. लॅक्रॉसचा इतिहास हेच सांगतो आणि खो-खोचाही. नरखेड तालुक्यातील प्रत्येक मुलगी भारताच्या संघात जाणार नाही, हे उघड आहे. परंतु दहावीनंतरही तिला खेळता यावे, एवढी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे. ती झाली तरच नवी दिल्लीतील विजयाचा लाभ ग्रामीण विद्यार्थिनीपर्यंत पोहोचला, असे म्हणता येईल.