लम्पीची लस आणि मोबाईलवरील वार्ता

2022 साली ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात गुरांचा लम्पी चर्मरोग आढळला व पुढे तो राज्यभर पसरला. शासनाने गाई-बैलांना शेळ्यांच्या देवीची लस मोफत टोचली. त्याच काळात लस टोचूनही जनावर दगावल्याच्या वार्ता व दूध घातक असल्याच्या अफवा मोबाईलवर फिरल्या.

लसीमुळे अंगी प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. तत्पूर्वी माशी, डास वा गोचिडाने रोग पोचविल्यास जनावर आजारी पडू शकते. म्हणून वार्तेत लस टोचल्याची तारीख आहे काय, हे प्रथम पाहावे. हा रोग माणसास होत नाही. दूध उकळून प्यावे.

जालना जिल्ह्यातील ग्रामसेवकांनी बिल्ला क्रमांक व लस टोचल्याची तारीख नोंदवून ठेवावी. अफवेस नोंदवहीसारखे उत्तर नाही.