हा ल आपला नाही

दसरा झाला की आमच्या सावेडीच्या घरात साफसफाई निघते. माळ्यावरून, कपाटाखालून, पलंगाच्या पोटातून जे जे बाहेर येईल ते सौ.ने अंगणात मांडायचे आणि त्यातल्या प्रत्येक वस्तूची वकिली मी करायची, असा गेल्या वीस वर्षांचा रिवाज आहे. यंदा त्या रांगेत मोडकी शेगडी, दोन छत्र्या आणि चिरंजीवांची लहानपणची सायकल यांच्या शेजारी घरचा संगणकही येऊन बसलेला पाहिला आणि मी दचकलो.

"हा कशाला इथं?"

"दुरुस्तीवालाच म्हणाला ना, त्यात आता काही राम नाही. रविवारी भंगारवाला यायचाय."

दुरुस्तीवाल्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. यंत्र दहा वर्षांचे, पण धडधाकट. अडचण होती ती आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे ज्या प्रणालीच्या जोरावर यंत्र हलते-बोलते तिची. नवी आवृत्ती एवढ्या जुन्या यंत्रावर चढत नाही आणि जुन्या आवृत्तीला दुरुस्त्या मिळायच्या बंद झाल्या. एखाद्याच्या मापाचा सदरा दुकानात मिळेना म्हणून त्यालाच घराबाहेर काढावे, त्यातला हा प्रकार!

मी एवढा हळवा होण्याचे कारण संगणक नव्हे, आई होती. नेवासे तालुक्यातल्या प्राथमिक शाळांतून चौतीस वर्षे शिकवून ती निवृत्त झाली. आजीच्या आणि गावातल्या बायाबापड्यांच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या तिने दोन वह्यांत उतरवून ठेवल्या आहेत. त्या नीट लिहून काढायच्या, कोणती ओवी कुणाकडून मिळाली त्याची टीप घालायची, हा तिचा संकल्प. पण मध्यंतरी काचबिंदू निघाला. गेलेली दृष्टी परत येत नाही, आहे ती सांभाळायची, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. वहीत लिहायला बसली की ओळीवर ओळ चढू लागली. संगणकावर अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, म्हणून तिला तो शिकवावा असे माझ्या मनात होते. 'उद्या करू' म्हणता म्हणता वर्ष गेले आणि आता तो अंगणात भंगाराच्या रांगेत बसला होता.

चिरंजीव पुण्यात इंजिनिअरिंगला. त्यांना रात्री फोन लावला. ते म्हणाले, "बाबा, फेकू नका. लिनक्स टाका."

लिनक्सचे नाव मी ऐकून होतो, पण ते संगणकवाल्यांचे काहीतरी गुह्य असावे अशी समजूत. खरी हकिकत पुष्कळच साधी निघाली. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाच्या प्रकल्पाची घोषणा केली. प्रणाली वापरणाऱ्याला ती उघडून पाहण्याची, बदलण्याची आणि दुसऱ्याला देण्याची मोकळीक असली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्यांची बरीच हत्यारे तयार झाली, पण गाभा राहिला होता. तो १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहायला घेतला आणि पुढे सगळ्यांसाठी खुला करून टाकला. या दोन प्रवाहांच्या संगमावर आज अनेक गावे वसली आहेत. आपल्या सी-डॅकने २००७ मध्ये काढलेली 'बॉस' त्यातलीच. आमच्या वाट्याला आले ते लिनक्स मिंट, २००६ पासून निघणारे. त्याच्या एक्सएफसीई नावाच्या हलक्या अवताराला दोन जीबी मेमरीही पुरते, चार असली तर उत्तम. आमच्याकडे नेमकी चार होती.

भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावे लागते. इथे घर आपले, शिवाय घराचा नकाशा आणि गवंड्याची थापीही आपल्या हातात दिलेली. भिंत पाडायची की नाही, हा आपल्या अकलेचा प्रश्न.

ज्यांना हे करून पाहायचे असेल त्यांना एवढेच सांगतो, की आधी आपले कागदपत्र, फोटो दोन ठिकाणी उतरवून ठेवा. मग पेनड्राइव्हवर प्रणाली घेऊन यंत्र त्याच्यावरूनच सुरू करता येते. आतल्या डिस्कला हात न लावता सगळे चालवून पाहता येते, आवाज येतो का, छपाईयंत्र ओळखले जाते का, ते तपासता येते. मुलगी पाहायला जाण्याची ही सोय मला फार आवडली. पसंत पडल्यावर मुक्काम कायमचा करायचा. त्या वेळी यंत्र गाव विचारते आणि आपल्याला 'कोलकाता' सांगावे लागते, कारण भारताची घड्याळे त्याच नावाने नोंदलेली आहेत. आमच्या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. आम्ही बोलताना अजून नगरच म्हणतो. संगणकाच्या घड्याळात मात्र आम्ही कोलकत्याचे.

पुढचे आठ दिवस माझे कसे गेले, काय सांगू! चांदबिबी महालाचे चित्र पडद्यावर लावले. (महाल म्हणतात खरे, पण ती सलाबतखानाची कबर आहे.) खालची पट्टी डावीकडे नेली, पुन्हा खाली आणली. खिडक्यांच्या चौकटी हिरव्या केल्या, निळ्या केल्या. बाणाचा आकार तिप्पट केला, आईला दिसावा म्हणून. एवढे एक सोडले तर बाकी सगळी चैन होती. आठव्या दिवशी सौ. चहा ठेवता ठेवता म्हणाली, "घर रंगवून झालं असेल तर आता राहायला कुणाला तरी बोलवा."

आईला बोलावले.

कळफलकाची मला धास्ती होती. इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवण्याची पद्धत मिळते, पण आईला 'के' दाबून 'क' काढणे पटेना. तेव्हा इन्स्क्रिप्ट लावला. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ठरवलेली ही मांडणी. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. क-च्या कळीवर शिफ्ट धरली की ख, ग-च्या कळीवर घ, प-च्या कळीवर फ. आईचा चेहरा उजळला. "अरे, ही तर आपली बाराखडीच! कुणीतरी मास्तरानं केलेली दिसते." ल-च्या कळीवर ळ सापडला आणि र-च्या कळीवर 'तऱ्हा'तला ऱ, तेव्हा तर तिने मान डोलावली. कॅप्स लॉक ही कळ आमच्या घरी कुणाच्या उपयोगाची नव्हती. ती दाबली की मराठी, पुन्हा दाबली की इंग्रजी, असे मी ठरवून दिले. चार दिवसांत तिची बोटे बसली. तिने आपल्या हाताने एक फोल्डर केले आणि त्याला नाव दिले, 'शेवटचं लेखन'. मी काही बोललो नाही.

मग तिने पहिल्या ओवीतला पहिला शब्द उमटवला, 'लेक', आणि थांबली.

"हा ल आपला नाही."

"आई, ल तो ल!"

"तू एम.ए. ना? मी चौतीस वर्षं पाटीवर ल गिरवून घेतलाय. आपल्या ल-ला दोन पाकळ्या असतात. ही उजवीकडची दांडी कुठून आली? आणि वरती त्या 'शेवटचं'मधल्या श-ला गाठ मारलीय. देठ कुठाय?"

मी पाहतच राहिलो. हिंदीच्या वळणाचा तो दांडीचा ल आणि गाठीचा श मी पंधरा वर्षे संगणकावर वाचत होतो आणि माझ्या डोळ्यांना त्याचे काही वाटेनासे झाले होते. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच मराठीची रूपे, असे राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात लिहून ठेवले आहे. मी तो वर्गात शिकवतो! ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही कॉलेजात पेढे वाटले. आणि काचबिंदूने अर्धी दृष्टी नेलेल्या बाईला जे दिसले ते मला दिसू नये? (हा लेख जिथे जुळेल तिथे कोणता ल उमटेल, देव जाणे.)

पूर्वी हे खिळे ओतणाऱ्याच्या हाती असे. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, त्या काळात अक्षराचे वळण ओतशाळेत ठरायचे आणि वाचणाऱ्याने ते मुकाट्याने घ्यायचे. आता काय? माझ्या वर्गातला पाथर्डीकडचा एक विद्यार्थी संगणकात मुरलेला आहे. त्याला गाठले. त्याने समजावून दिले ते असे : युनिकोडमध्ये जगातल्या प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे. ल-चा ०९३२. हिंदीचा ल आणि मराठीचा ल यांचा क्रमांक एकच, कारण अक्षर एकच. वळण तेवढे वेगळे. काही फॉन्टांत दोन्ही वळणे घातलेली असतात, पण मजकूर मराठी आहे असे कुणी सांगितल्याखेरीज मराठी वळण बाहेर येत नाही.

"सर, तुमच्या मशीनला कुणी सांगितलंच नाही, की तुम्ही मराठी आहात म्हणून."

खरेच, प्रणाली बसवताना भाषा विचारली तेव्हा मी सवयीने इंग्रजीवर बोट ठेवले होते!

भाषा मराठी केली. कोपऱ्यातले घड्याळ 'मंगळवार' दाखवू लागले. काही ठिकाणी मराठी, काही ठिकाणी इंग्रजीच, अशी सरमिसळ झाली. अनुवाद पुरा झालेला नाही, कारण तो पगारी माणसे करत नाहीत, हौशी माणसे सवडीने करतात. २००० सालाच्या आसपास प्रकाश अडवाणी, वेंकटेश हरिहरन यांनी 'इंडलिनक्स' नावाने भारतीय भाषांसाठी ही खटपट आरंभली, तेव्हापासून कितीतरी जणांनी रात्री जागवून एकेक शब्द मराठीत आणला आहे. काही शब्द इतके संस्कृतप्रचुर की अर्थ कळायला इंग्रजी आठवावे लागते. पण इथे कुरकुर करून भागत नाही. 'मग तुम्ही सुचवा' असे उत्तर तयारच असते. मी आजवर अकरा शब्द सुचवले आहेत.

ओव्या जिथे लिहायच्या त्या लिब्रेऑफिसलाही भाषा मराठी असल्याचे वेगळे सांगावे लागले. ते पाच मिनिटांचे काम. अडले ते फोल्डरच्या नावाशी. मी हौसेने कुठून कुठून आणून घातलेल्या फॉन्टांपैकी एक तिथे घुसला होता आणि त्याच्याजवळ मराठी वळणे नव्हतीच. मराठीसाठी आधी लोहित फॉन्ट वापर, अशी आज्ञा एका छोट्या फाइलीत लिहायची होती. लोहित हा रेड हॅट कंपनीने २००४ च्या सुमारास खुला केलेला फॉन्ट. कंपनी तांबड्या टोपीची आणि लोहित म्हणजेही तांबडाच! आज्ञा लिहिण्याचे काम मी विद्यार्थ्याला न देता स्वतः केले. दहा-बारा ओळी. लिहिल्या, यंत्र बंद करून सुरू केले. ल तसाच. पुन्हा लिहिल्या. तसाच. दोन संध्याकाळी गेल्या. आई रोज विचारी, "आला का रे?" आणि मी "येतोय, येतोय" म्हणे, एस.टी.ची वाट पाहणाऱ्याला सांगावे तसे.

तिसऱ्या दिवशी विद्यार्थी घरी आला. त्याने फाइल उघडली, खालपासून वर नजर फिरवली आणि अदबीने म्हणाला, "सर, सातव्या ओळीत उघडलेली खूण बंदच केलेली नाही. म्हणून मशीन पूर्ण फाइलच सोडून देतंय."

याच मुलाचे, अवतरणचिन्ह उघडून बंद न केल्याबद्दल, मी सहामाहीत दोन गुण कापले होते. तो हसला नाही. त्याच्या जागी मी असतो तर हसलो असतो.

खूण बंद केली. बाहेर जाऊन पुन्हा आत आलो. आईने खुर्ची पुढे ओढली, नाक जवळजवळ पडद्याला लावले. 'लेखन'च्या ल-ला पाकळ्या फुटल्या होत्या, श देठावर उभा होता. तिने बोटाने हवेतच तो ल गिरवला, वरून खाली, पाटीवर गिरवावा तसा.

"आता बरोबर. वहीतलं वाचून दाखव, मी लिहिते."

सगळे काही गोड झाले असे मात्र नाही. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात टंकलेली माझी व्याख्यानांची टिपणे इथे उघडली की निरर्थक चिन्हांची पिसारी दिसते. ती दोनशे पाने पालटून घेण्याचे काम दिवाळीनंतर. आईचे काम मात्र सकाळी दीड तास, संध्याकाळी अर्धा तास नेमाने चालते. डोळा दुखू लागला की ती मिटून बसते आणि पाठ असलेल्या ओव्या न बघता उमटवते. इन्स्क्रिप्ट इतका हातात बसला आहे.

रविवारी भंगारवाला आला. शेगडी, छत्र्या गेल्या, आणि सायकलही गेली, चिरंजीवांनी फोनवरून केलेला निषेध न जुमानता. आत आई सत्तेचाळिसाव्या ओवीवर होती. मला हाक मारून म्हणाली, "त्या फोल्डरच्या नावातलं 'शेवटचं' कसं खोडायचं ते दाखव. दुसऱ्या वहीत ओव्या बऱ्याच आहेत."